पार्किंगला इपॉक्सी करायची? आधी पाण्याची टाकी कुठे आहे ते बघा

फोन बहुतेक वेळा असाच येतो. "सोसायटीच्या पार्किंगला इपॉक्सी करायची आहे, स्क्वेअर फुटाला काय रेट?" इपॉक्सी म्हणजे दोन द्रव मिसळून काँक्रीटवर लावायचं, सुकून कडक होणारं कोटिंग. मी रेटकडे नंतर वळतो. पहिला प्रश्न विचारतो, तुमची जमिनीखालची पाण्याची टाकी नेमकी कुठे आहे? समोरचे सेक्रेटरी गोंधळतात. जमिनीच्या कोटिंगचा आणि टाकीचा काय संबंध?

मुंबईत बऱ्याच इमारतींची टाकी स्टिल्टमध्येच, म्हणजे खांबांवरच्या उघड्या तळमजल्यातच असते, गाड्या उभ्या राहतात त्याच्या बरोबर खाली. त्या टाकीचा स्लॅब आतून बाराही महिने ओला असतो. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक मुलुंडच्या अशाच इमारतीत होतं. डिसेंबरात काम झालं, जमीन आरशासारखी दिसत होती, सभासद पोरांना घेऊन बघायला खाली आले. जून संपेपर्यंत टाकीच्या वरच्या भागात लिंबाएवढे फोड उठले. एक फोड पट्टीने उघडला तर आत पाणी. टाकीच्या हद्दीबाहेरचं कोटिंग मात्र ठणठणीत होतं, इतकं की फोडांवरून टाकीचा चौकोन आखता आला असता. ते सगळं खरवडून पदरच्या पैशाने पुन्हा केलं. चूक माझीच होती, मी ओल तपासली नव्हती.

हा लेख दोन जणांसाठी आहे. सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलेल्या आणि हे काम गळ्यात पडलेल्या माणसासाठी, आणि या धंद्यात नव्याने उतरणाऱ्या मुलासाठी. काम दोघांचं वेगळं असलं तरी दोघांनी बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

थंड देशातले व्हिडिओ

इंटरनेटवर गॅरेजच्या इपॉक्सीचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिका-कॅनडातले. तिथे बऱ्याच घरांना स्वतःचं गॅरेज असतं आणि त्यांची दुखणी वेगळी असतात. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते मिठाचं पाणी टायरला चिकटून गॅरेजमध्ये येतं आणि काँक्रीटच्या छिद्रांत मुरतं. ते पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. असे हिवाळे काढल्यावर काँक्रीटचे पापुद्रे निघू लागतात. तिथे इपॉक्सी करतात ती मुख्यतः हे मिठाचं पाणी वरच्या वर अडवायला.

दुसरी अडचण थंडीचीच. साधी इपॉक्सी १० अंश सेल्सिअसच्या खाली जवळपास सेट होत नाही. म्हणून ते थंडीसाठीचं वेगळं हार्डनर (इपॉक्सीत मिसळून तिला कडक करणारा दुसरा भाग) वापरतात, गॅरेज हीटरने तापवतात किंवा कमी तापमानातही पकडणारं दुसरं कोटिंग, पॉलिअ‍ॅस्पार्टिक लावतात. यात हवेचं तापमान बघून चालत नाही, जमिनीचं बघावं लागतं. हवा तापली तरी काँक्रीट कित्येक तास थंडगार राहतं. टोरांटोला राहणाऱ्या माझ्या भाच्याने एप्रिलमधल्या पहिल्या उबदार दिवशी गॅरेजचं काम काढलं होतं. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं, "अरे, आधी फरशीवर हात ठेव." फरशीला घाम आला होता. गार लादीवर उबदार दमट हवा आली की तेच होणार. त्याने काम तीन आठवडे पुढे ढकललं.

मुंबईत गोठण्याचा प्रश्न नाही, जानेवारीतली कडक थंडीसुद्धा इपॉक्सीला मानवते. पण फरशीला घाम येण्याचा तो नियम इथेही तसाच लागू आहे. आपल्याकडे गारठ्याची जागा दमटपणा घेतो. जोडीला समुद्र, भरावाच्या जमिनी आणि पावसाळ्यात वर येणारं जमिनीतलं पाणी. म्हणून थंड देशातल्या व्हिडिओतलं तंत्र जरूर शिकावं, वेळापत्रक मात्र इथल्या हवेचंच ठेवावं.

ओल तपासण्याची पद्धत

सगळ्यात सोपी चाचणी प्लास्टिकची. साधारण ४५ सेंटीमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बंद करा आणि निदान १६ तास ठेवा. मी पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर खालून वाफ येते आहे. एका ठिकाणी तपासून भागत नाही. टाकीच्या वर, ड्रेनेजच्या चेंबरजवळ, कंपाउंडच्या भिंतीलगत, जिन्याखाली अशा पाच-सहा जागा धरा.

या चाचणीची एक खोड आहे. ती नापास झाली तर खात्रीने ओल आहे, पण पास झाली म्हणजे ओल नाही असं ठाम म्हणता येत नाही. म्हणून जोडीला ओल मोजायचं मीटर लावून घ्या. साध्या इपॉक्सीसाठी काँक्रीटमधली ओल ४ टक्क्यांच्या खाली हवी. कॉन्ट्रॅक्टरकडे मीटर नसेल तर मागवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर ते कोटेशन बाजूला ठेवा.

वर्षानुवर्षं काम करून मी एक सवय लावून घेतली. चाचणी सप्टेंबरात घ्यायची आणि काम डिसेंबरात करायचं. पावसाळा संपता संपता जमीन सगळ्यात ओली असते. तेव्हा जिथे प्लास्टिकखाली दव धरतं ती जागा पुढच्या पावसाळ्यातही ओल वर ढकलणार, मग डिसेंबरात ती कितीही कोरडी दिसो. डिसेंबरातच चाचणी घेऊन डिसेंबरातच काम केलं तर जमीन तुम्हाला फसवते. मुलुंडला मी चाचणी घेतली असती तरी कदाचित फसलोच असतो.

ओल सापडली तर तीन वाटा आहेत. ओल थोडी असेल तर ओल रोखणारा खास इपॉक्सी प्रायमर आधी लावतात. तो महाग असतो, पण उपयोगी पडतो. टाकीच्या स्लॅबसारख्या कायम ओल्या जागी टाकीचं वॉटरप्रूफिंग आधी आतून करून घ्यावं लागतं, किंवा तेवढा पट्टा कोटिंगशिवाय सोडावा. आणि पाणी खालून जोराने येत असेल, किंवा दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरत असेल, तर इपॉक्सीचा नादच सोडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तसा दिवस रोज येत नाही. पण ज्या सखल भागांत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबतंच, तिथे ट्रिमिक्सचं (जास्तीचं पाणी यंत्राने ओढून काढलेलं) चांगलं काँक्रीट करून त्यावर पृष्ठभाग कडक करणारं द्रावण मारणं किंवा पेव्हर ब्लॉक बसवणं शहाणपणाचं. त्यातून वाफ बाहेर पडायला वाव राहतो. हे सांगितल्यामुळे माझी कामं गेली आहेत. तरी मी सांगतो.

हवा कधी जुळते

नियम एकच लक्षात ठेवा. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि बंदुकीसारखा थर्मामीटर एवढं जवळ असलं की पुरे. दोन्ही नागदेवी स्ट्रीटला मिळतात.

उदाहरण घ्या. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू येतो सुमारे २६. म्हणजे जमीन २९ च्या वर हवी. सावलीतल्या स्टिल्टची जमीन तेव्हा २८ असेल तर कोटिंग करू नये, डोळ्यांना ती कोरडी दिसत असली तरी. तेच जानेवारीतल्या दुपारी हवा २८ आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १७ च्या आत राहतो. जमीन २४ असली तरी भरपूर फरक उरतो. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ मुंबईत सगळ्यात चांगला. मार्च-एप्रिलमध्ये होतं, पण माल फार लवकर सेट होतो. मेच्या अखेरीला काढूच नका. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो आणि त्याच्या आधीची हवाही चिकट असते.

दमट हवेत लावलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणासारखा चिकट, पांढुरका थर येतो. त्यावर तसाच दुसरा हात मारला तर तो सालपटासारखा निघतो. कोमट पाणी आणि साबणाने तो थर धुवून, जमीन पूर्ण सुकवून, मगच पुढे जायचं.

जमीन तयार करणं

कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, जायलाच हवा. मालक मंडळींना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, कारण दिसतं ते फक्त धूळ आणि आवाज.

आधी हातोडीने जमीन ठोकत जा. जुन्या स्टिल्टमध्ये बहुतेक खाली कोबा (भरावाचा जाड थर) आणि वर आयपीएसचा, म्हणजे घोटलेल्या सिमेंटचा पातळ थर असतो. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. तो थर खालून सुटलेला आहे, त्यावर जगातली सर्वांत भारी इपॉक्सी लावली तरी ती त्या थरासकट उखडेल. तेवढा भाग तोडून पुन्हा भरावा लागतो, आणि नव्या काँक्रीटला किमान २८ दिवस द्यावे लागतात. इथे घाई केलेली मी फार ठिकाणी पाहिली आहे.

मग ग्राइंडिंग. डायमंडच्या चकत्या असलेलं मशीन, त्याला जोडलेला व्हॅक्यूम, आणि भिंतीलगत व खांबांभोवती हातातला ग्राइंडर. वरची सिमेंटची कमकुवत साय निघून जमीन ६०-८० नंबरच्या पॉलिश पेपरइतकी खरखरीत लागली पाहिजे. काही जण पैसे वाचवायला अ‍ॅसिड मारून देतो म्हणतात. त्याला नकार द्या. अ‍ॅसिडनंतर भरपूर पाण्याने धुवावं लागतं, ते पाणी आपल्या हवेत जमिनीत मुरून बसतं, आणि उरलेले क्षार पुढे कोटिंग ढकलतात.

इंजिन ऑइलचे डाग ग्राइंडिंगच्या आधीच तेल काढणाऱ्या द्रावणाने घासून घ्यायचे, नाहीतर मशीन तेच तेल सगळीकडे पसरवतं. सगळं झालं की जमिनीवर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मुरला तर ठीक, अळवाच्या पानावरच्यासारखा गोल राहिला तर तिथे अजून तेल किंवा जुनं सीलर आहे.

न हलणाऱ्या भेगा व्ही आकारात कापून इपॉक्सीच्या मॉर्टरने भरतात. एक्स्पान्शन जॉइंट (इमारतीच्या हालचालीसाठी मुद्दाम ठेवलेली फट) मात्र कधीही कोटिंगखाली बुजवू नका. इमारत तिथे हलणारच, कोटिंगला चीर पडणारच. जॉइंट मोकळा ठेवून शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरा. भिंत आणि जमीन मिळते तिथे छोटा वाटा (गोलाई) काढून घेतला तर धुतलेलं पाणी कोपऱ्यात साचत नाही.

किती माल लागतो, हे स्वतः काढा

एक मिलीमीटर जाडीला एक चौरस मीटरमागे एक लिटर माल लागतो. २.५ बाय ५.५ मीटरची एका गाडीची जागा म्हणजे १३.७५ चौरस मीटर. तिथे ३०० मायक्रॉनचं (०.३ मिलीमीटरचं) कोटिंग हवं असेल तर सुमारे ४.१ लिटर माल लागणार. २ मिलीमीटरचं सेल्फ लेव्हलिंग (ओतलं की आपोआप सपाट होणारं कोटिंग) हवं असेल तर २७.५ लिटर. हा हिशेब माल १०० टक्के सॉलिड असेल तेव्हाचा. डब्यात निम्मं पाणी किंवा थिनर असेल तर ते उडून जातं आणि जाडीही निम्मी राहते. तेव्हा कोटेशनमध्ये "इपॉक्सी, दोन हात" एवढंच लिहिलेलं चालवू नका. सुकल्यानंतरची जाडी किती, सॉलिड किती टक्के आणि एकूण लिटर किती, हे तिन्ही आकडे लिहून घ्या. काम चालू असताना रिकामे डबे मोजा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही.

साध्या सोसायटीच्या पार्किंगला माझं मत विचाराल तर प्रायमर, त्यावर ३०० ते ५०० मायक्रॉनचं कोटिंग आणि चालण्या-वळण्याच्या पट्ट्यात बारीक क्वार्ट्‌झ वाळू पेरलेली. आरशासारखं सेल्फ लेव्हलिंग दिसायला सुंदर असतं, पण पावसात भिजून आलेली स्कूटर त्यावर घसरते. उन्हात येणाऱ्या रॅम्पवर आणि स्टिल्टच्या उघड्या कडेला वरचा हात अ‍ॅलिफॅटिक पीयूचा (उन्हाला टिकणाऱ्या प्रकाराचा) द्या. इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते आणि वर भुकटी धरते.

लावण्याचा दिवस

आदल्या दिवशी गाड्या धुणाऱ्या मुलाला, वॉचमनला आणि पंप चालू करणाऱ्याला नीट समजावून सांगा. टाकी भरून वाहिली आणि पाणी ताज्या कोटिंगवर आलं, असं एका ठिकाणी झालं आहे. मांजरांचा बंदोबस्तही आधीच करा, रात्री पंजे उमटतात. सगळं पार्किंग एकदम रिकामं करणं मुंबईत जमत नाही, म्हणून खांबांच्या रांगेवर हद्द धरून अर्धं-अर्धं करा.

बेसचा डबा आधी एकटा ढवळा, रंग तळाशी बसलेला असतो. मग हार्डनरचा पूर्ण डबा त्यात ओता. अंदाजाने अर्धा-पाव माल बनवायला जाऊ नका, प्रमाण चुकलं की ती जागा कायम चिकट राहते. हळू फिरणाऱ्या मशीनने तीन मिनिटं ढवळा, कडा पट्टीने खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा.

आता वेळ सुरू झाली. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात असलेली वेळ ढोबळपणे निम्मी होते. डब्यावर २५ अंशांना ४० मिनिटं लिहिलं असेल तर ३५ अंशांना २० च धरा. टोरांटोच्या वसंतात माझ्या भाच्याला तासाभराहून जास्त वेळ मिळाला होता. बादलीत साठून राहिला तर माल स्वतःच्या उष्णतेनेच तापतो, धूर निघतो आणि दगड होतो. म्हणून ढवळल्याबरोबर जमिनीवर लांब पट्ट्यांत ओतून टाकायचा. जमिनीवर पातळ पसरलेला माल तापत नाही. माल घट्ट होतोय म्हणून थिनर घालणाऱ्याचा हात तिथेच थांबवा.

प्रायमर ब्रशने आणि रोलरने काँक्रीटमध्ये मुरवा. काही ठिकाणी ते लगेच शोषलं जाऊन कोरडं दिसतं, तिथे पुन्हा द्या. पुढचा हात साधारण २४ तासांच्या आत पडायला हवा. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात नेमकी मुदत असते, ती उलटली तर हलकं घासून मगच लावा. रॅम्प किंवा उन्हाची जागा दुपार उतरल्यावर घ्या. सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा फुगते आणि कोटिंगवर बुडबुडे येतात. जमीन निवत असताना लावलं तर हा त्रास कमी.

सेल्फ लेव्हलिंग असेल तर दातेरी पट्टीने पसरवून लगेच खिळ्यांचा रोलर फिरवा, पायात खिळ्यांचे बूट घालून. माल घट्ट व्हायला लागल्यावर रोलर फिरवला तर त्याच्या खुणा कायम राहतात.

हात आणि फुप्फुस

हे मी नव्या मुलांना सगळ्यात आधी सांगतो. न सेट झालेली इपॉक्सी त्वचेला लागत राहिली तर एक दिवस अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ती आयुष्यभर जात नाही. चांगला कारागीर पन्नाशीच्या आत धंदा सोडतो तो यामुळे. नायट्राइलचे हातमोजे घाला, फाटले की लगेच बदला. हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, थिनर तेच रसायन त्वचेच्या आत नेतो. कापडाने टिपून साबण-पाण्याने धुवा. ग्राइंडिंगच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरा करणारा इलाज नाही. व्हॅक्यूम चालू आणि तोंडावर निदान एन ९५ मास्क, याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. रुमाल बांधून भागत नाही. कमिटीवाल्यांनीही हे बघावं, तुमच्या आवारात काम करणारा मुलगा कुणाचा तरी असतो.

नंतरचे दिवस

मुंबईच्या हिवाळ्यात २४ तासांनी हलकं चालता येतं, तीन दिवसांनी सामान हलवता येतं. गाड्या सात दिवसांनीच आणा. लवकर आणल्या तर तापलेले टायर कच्च्या कोटिंगला चिकटून त्याचा पापुद्रा उचलतात. थंड देशात हेच दिवस दुप्पट होतात.

स्कूटरच्या मधल्या स्टँडच्या टोकाखाली सगळं वजन येतं आणि तिथे खड्डा पडतो. दुचाकींच्या जागेला रबराचे किंवा स्टीलचे छोटे तुकडे ठेवायची सवय लावा. सोसायटीचा गणपती स्टिल्टमध्ये बसत असेल तर मंडपाचे बांबू जमिनीत ठोकू न देता वाळूच्या डब्यांत उभे करा. होळीचा पक्का रंग लगेच धुवा. रोजच्या धुण्याला साधं साबण-पाणी चालतं, अ‍ॅसिड आणि फिनेलचा भडिमार नको.

काम संपताना कॉन्ट्रॅक्टरकडून न उघडलेला एक लहान सेट, त्याच रंगाचा, मागून घ्या. त्यावर तारीख लिहून सोसायटीच्या ऑफिसात सावलीत ठेवा. जोडीला एका वहीत मालाचं नाव, शेड नंबर, बॅच नंबर आणि ओल कुठे कुठे तपासली त्याचा नकाशा असू द्या. पुढच्या सप्टेंबरात त्याच जागांवर पुन्हा प्लास्टिक लावता येणार नाही, पण कोटिंगवर नाणं वाजवून बघता येतं. जिथे पोकळ वाजेल तिथली बोटभर जागा तेव्हाच कापून भरली तर काम एका दुपारचं.